अकोल्याला जाऊन आलो

भंडारदऱ्याला लोक धरण बघायला जातात, मे महिना संपत आला की काजवे बघायला जातात. आम्ही तिघं गेलो ते शाळा सोडल्याचा एक दाखला आणायला. दाखला माझ्या भाचरांच्या वडिलांचा. वडील बारा वर्षं बेपत्ता. घरात सगळे बेपत्ता हाच शब्द वापरत, कारण पत्ता फक्त माझ्या बहिणीला आणि मला माहीत होता; ती त्यांचं नाव काढत नसे आणि मी तो पोरांना नीट सांगितला नव्हता.

हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखं राहून जाईल. मी कमी बोलणारा माणूस आहे. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर सव्वीस वर्षं बसलोय. आलेल्या कागदावर शिक्का मारणं आणि नको असलेला कागद ढिगाच्या तळाशी सरकवणं, ही दोन्ही कामं मला सारखीच जमतात.

माझी धाकटी बहीण सुनंदा चिंचवडला नर्स आहे. तिचे यजमान लखनराव तिथंच एका कंपनीत होते. एक दिवस त्यांनी नोकरी सोडली आणि ते आचारी झाले. लग्नाकार्यात हजार हजार पानांचा स्वयंपाक करणारे आचारी. ऑफिसात कोणी विचारलं, मेहुणे काय करतात, की मी ‘केटरिंगमध्ये आहेत’ म्हणायचो आणि विषय बदलायचो. सुनंदाची आणि त्यांची भांडणं झाली, ते गावी निघून गेले, काडीमोड झाला. त्या कामाचे कागद मीच पळापळ करून पुढं सरकवले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं.

वर्षभरानं लखनरावांनी मला देवळाली प्रवऱ्याला बोलावून घेतलं. पोरांना भेटायचंय म्हणाले. मी त्यांना सांगितलं, सुनंदाचं दुसरं लग्न ठरलंय, पोरांना चांगला बाप मिळतोय, तुम्ही मधे येऊ नका. आणि चिंचवडला येऊन सुनंदाला सांगितलं, त्यांनी पोरांचं नावसुद्धा काढलं नाही. सुनंदानं दुसरं लग्न कधीच केलं नाही. दोन खोट्या वाक्यांवर बारा वर्षं निघाली.

पोरं लहान असताना विचारायची, पप्पा कुठे आहेत. मी म्हणायचो, “अकोल्याला.” हे मात्र खरं होतं. आपली भाषाच अशी की गाव अकोला असलं तरी अकोल्याला आणि अकोले असलं तरी अकोल्याला. पोरांनी नकाशात मोठ्या अक्षरांतलं अकोला शोधलं, विदर्भातलं. उन्हाळ्यात बातम्यांमध्ये अकोल्याचं तापमान सांगितलं की धाकटा सुमेध म्हणायचा, “पप्पांना किती उकडत असेल.” मी ऐकायचो आणि चहा प्यायचो. लखनराव नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, गार वाऱ्यात होते.

यंदा प्रज्ञाची बारावी झाली. पुढच्या प्रवेशाला जातपडताळणी हवी, आणि तिला कागद लागतात ते वडिलांकडचे. वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांचा मिळाला तर उत्तम, शिवाय वंशावळ. प्रज्ञानं स्वतःचा जन्मदाखला काढून टेबलावर पसरला.

“मामा, वडिलांचा कायमचा पत्ता बघ. करवंदवाडी, तालुका अकोले. ला नाही, ले.”

“छपाईची चूक असेल.”

“आणि जिल्हा अहमदनगर.”

मी चष्मा आणतो म्हणून आत गेलो आणि बराच वेळ आलो नाही.

सुनंदानं परवानगी दिली, पण अट घातली. “कागद आणा. माणूस आणू नका.”

पहिला दिवस: देवळाली प्रवरा

चिंचवडहून अकोल्याला जायचा सरळ रस्ता नारायणगाव, संगमनेर असा आहे. मी गाडी नगरच्या रस्त्याला घातली. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, तोंडात मात्र नगरच बसलंय.

सुमेध पंधरा वर्षांचा आहे आणि मोबाईलवर त्याचा गाढ विश्वास आहे. “मामा, मॅप म्हणतोय आपण लांबून चाललोय.”

“मॅपला माहीत नसतं. देवळालीला एक मंडपवाले आहेत, ते तुझ्या पप्पांना ओळखायचे. आधी त्यांना विचारू.”

माझा हिशेब वेगळा होता. बारा वर्षांत मंडपवाल्यानं धंदा बदलला असेल, नाहीतर तो सगळं विसरला असेल. माग तिथंच विरेल, मग गावी पोरांच्या आजीकडून नुसता दाखला घेऊन परत फिरता येईल.

राहुरी सोडली की दोन्ही बाजूंना ऊस. चिंचवडच्या माणसाला एवढं सपाट आणि एवढं हिरवं एकदम पाहायची सवय नसते. पोरांनी रसवंती बघून गाडी थांबवायला लावली. बारा वर्षांपूर्वी ह्याच रसवंतीच्या बाकावर लखनराव माझ्यासमोर बसले होते. चरकाला बांधलेले घुंगरू तेव्हाही असेच वाजत होते. पोरांनी दोन दोन ग्लास रिचवले, माझ्या ग्लासातला बर्फ वितळून गेला.

“मामा, तुला डायबेटिस झालाय का?” प्रज्ञानं विचारलं.

“चाचणी करायचीय,” मी म्हणालो.

मंडपवाले बबनशेठ धडधाकट निघाले. मंडपाच्या कनातींवर बसून ते सुपारी कातरत होते.

“लखन आचारी? परवा तर हितंच हुता की. आज राहात्याकडं गेलाय. सीझनला त्यो घरी कुटं ऱ्हातोय?”

प्रज्ञानं लगेच वही काढली. “फोन नंबर आहे त्यांचा?”

“हाय, पन उचलत न्हाई. चुलीवर बसला की फोन पेटीत कुलपात ठिवतो. एक फोन तेलात पडला हुता त्याचा. जिलेबीसंगं तळून निगाला.”

सुमेध हसला. मला हसू आलं नाही, कारण बबनशेठ माझ्याकडे टक लावून बघत होते. “तुमाला कुटंतरी बगितल्यावानी वाटतंय, पावनं.”

“माझा चेहराच तसा आहे. सगळ्यांना वाटतं.”

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि काळ्या मसाल्याची आमटी. सुमेधनं एक भुरका मारला आणि थांबला.

“हे आईच्या आमटीसारखं लागतंय.”

“लखनचाच मसाला हाय त्यो,” बबनशेठच्या मालकीण आतून म्हणाल्या. “वर्साला दोन किलो देऊन जातो.”

म्हणजे सुनंदा बारा वर्षं नवऱ्याच्या हातच्यासारखीच आमटी पोरांना करून घालत होती. कृती तिनं बदलली नव्हती. मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जातो, माझ्याही हे लक्षात आलं नव्हतं. प्रज्ञानं आणखी एक वाटी मागून घेतली, ती सावकाश संपवली, आणि गाडीत बसताना म्हणाली, “मामा, आता दाखल्याचं राहू दे. आधी माणूस शोधायचा.”

दुसरा दिवस: राहाता

रात्र एका लॉजवर काढली. सकाळी राहात्यात चौकशी केली तर त्या दिवशी गावात आणि आसपास सात लग्नं. आम्ही एकेका लॉन्समध्ये शिरून ‘आचारी कोण?’ असं विचारत हिंडलो. दोन ठिकाणी आम्हाला वऱ्हाडी समजून अक्षता दिल्या. तिसऱ्या ठिकाणी आम्ही अक्षता टाकूनही आलो, मधेच निघणं बरं दिसेना.

पाचव्या लॉन्सवर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. नवरा-नवरी फोटोला उभे होते. लग्नाला उशिरा पोचणाऱ्यांची इकडे एक वेगळीच सोय आहे. माईकवर एक गृहस्थ असतात, ते येईल त्याचं नाव पुकारून स्वागत करतात. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, अमक्याचे साडू. कोणाचं नाव राहिलं तर तो माणूस पुढं वर्षभर बोलत नाही, म्हणून हे गृहस्थ जीव तोडून पुकारत असतात. आमच्याकडे चिंचवडला हॉलमध्ये शेजारी कोण बसलंय तेही कळत नाही. इथं मी दारातून आत पाऊल टाकलं आणि एकानं माझ्या डोक्याला फेटा गुंडाळायला घेतला. माईकवाले गृहस्थ हातानं माईक झाकत जवळ आले.

“नाव काय पावनं? कुठून आलात?”

मी नाव सांगितलं. पुण्याहून, असंही सांगितलं.

“कोनाकडून? नवरीकडून का नवऱ्याकडून?”

मला खोटं सुचेना. इतकी वर्षं जे हुकमी सुचायचं ते नेमकं त्या वेळी सुचलं नाही. “आचाऱ्याकडून,” मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि माईक तोंडाशी धरला. “वधूवरांस आशीर्वाद देण्यासाठी खास पुण्याहून आलेले, आपले लखन आचारी यांचे मेहुणे, यांचं सहर्ष स्वागत. त्यांच्यासोबत लखन आचारी यांचे चिरंजीव आणि कन्या. त्यांचंही सहर्ष स्वागत.”

पोरांची ओळख मी सांगितली नव्हती. त्यांनी ती सुमेधच्या चेहऱ्यावरून ताडली. तो थेट बापासारखा दिसतो असं मागाहून तीन माणसांनी सांगितलं. चार भोंग्यांतून ही घोषणा चौकापर्यंत गेली. कोणी तरी टाळ्याही वाजवल्या. फेट्याखाली माझे कान जळत होते.

आम्ही धावत मांडवामागं गेलो. मोठमोठी पातेली पालथी पडली होती, चुलाणांतून धूर निघत होता. एक बाई राखेनं झारे घासत होत्या.

“लखनआण्णा? आत्ताच तर गेला टेम्पोत. उद्या त्याच्याच वाडीत लगीन हाय, भावकीतलं.” मग त्यांनी प्रज्ञाकडे वर-खाली बघितलं. “तू मोटी व्हय? पुन्याची?”

“तुम्हाला कसं माहिती?”

“त्यो सांगतो की. माजी दोन मोटी पुन्याला हायत, तिसरी वाडीत.”

प्रज्ञा माझ्याकडे वळली. “तिसरी?”

“करुणा,” बाई म्हणाल्या. “आता चौथीला जाईल. लई तोंडाळ हाय.”

लखनरावांचं दुसरं लग्न झाल्याचं मी उडत उडत ऐकलं होतं. मुलीचं मला ठाऊक नव्हतं. पण लग्न का झालं हे मला चांगलं ठाऊक होतं. इकडे सगळं मिटलं असं त्यांना सांगणारा मीच होतो.

पोरं दोन पालथ्या पातेल्यांवर बसली. बाईंनी उरलेली बुंदी आणि मसालेभात कागदी ताटलीत आणून दिला. बराच वेळ दोघं चमच्यानं बुंदी इकडून तिकडे सरकवत राहिली. शेवटी सुमेध म्हणाला, “म्हणजे मी आता मधला?”

“हो.”

“आयुष्यभर धाकटा म्हणून सगळी कामं केली. किराणा, दळण, दूध. आणि आता एकदम मधला. मधल्याला काय मिळतं?”

“काहीच नाही,” प्रज्ञा म्हणाली. “खा गप.”

मग ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. झारे घासणाऱ्या बाई उठून आल्या, राखेचा हात लांब ठेवून त्यांनी कोपरानं तिला जवळ घेतलं. मी फेटा सोडत उभा होतो. तो सोडता सोडता संपेना.

त्या संध्याकाळी संगमनेरच्या पुढं गाडीचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. पोरांना वाटलं हेही मीच मुद्दाम केलं. उलटा रस्ता मी मुद्दाम घेतला हे तोवर त्यांनी ओळखलं होतं. “मामा, तुला आम्हाला तिथं न्यायचंच नाहीये ना?” प्रज्ञानं सरळ विचारलं. मी म्हणालो, “सकाळी सात वाजता निघू.” हे उत्तर नव्हतं. पण उद्या लखनराव आणि ही पोरं समोरासमोर येणार, आणि पहिला प्रश्न हाच असणार की इतकी वर्षं आला का नाहीत. तो प्रश्न विचारला जाण्याआधी मला बोलायला हवं होतं. पंक्चर काढून रात्री अकोल्याला पोचलो, तिथल्या लॉजवर मी तीनदा पोरांच्या खोलीचं दार वाजवलं. एकदा पाण्याची बाटली दिली, एकदा टॉवेल दिला, आणि तिसऱ्यांदा पंखा चालू आहे ना असं विचारून आलो.

तिसरा दिवस: करवंदवाडी

राजूरच्या पुढं रस्ता चढायला लागतो आणि हवा बदलते. कालचा सपाट ऊस संपलेला. डोंगर अंगावर येतात, भाताची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत जातात. भातलावणीला अजून अवकाश होता, म्हणून बांधाबांधावर रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजल्याचे काळे चौकोन होते. रस्त्याकडेला बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांतून करवंदं विकत होत्या. धरणाचं पाणी बरंच उतरलं होतं. वाटेत सगळीकडे काजव्यांसाठी तंबू ठोकायचं काम चाललं होतं. एका तंबूवाल्यानं आम्हाला हात केला. सुमेध काच खाली करून म्हणाला, “आम्ही वडील बघायला आलोय.” तो माणूस म्हणाला, “बरं, जेवनाची सोय हाय.”

करवंदवाडीत विहारापुढच्या अंगणात मांडव होता. निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, माईकवर वंदनेची तयारी. आम्ही गाडीतून उतरलो तर वाट बघत असल्यासारखी सगळी वाडी उभी. राहात्याची घोषणा आमच्या आधी डोंगर चढून आली होती.

सगळ्यांत पुढं नऊ वर्षांची एक मुलगी. तिनं प्रज्ञाला न्याहाळलं. “जयभीम. तू माझी ताई. तुझे केस खरे आहेत का?”

“खरे आहेत.”

“आणि हा दादा. हा तर पप्पाच दिसतोय, मिशी काढलेला.”

मागून त्यांची आजी आली. कानांनी अधू, नजरेनं तेज. तिनं दोघांच्या तोंडावरून हात फिरवले, बोटं कानशिलावर मोडली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तू सुनीचा भाऊ न्हवं? लई जाड झालास.” लखनरावांच्या मंडळी, रंजनाताई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी खालच्या आवाजात एवढंच विचारलं, “सुनंदाताई बऱ्या हायत का?” मी मान हलवली. त्या बाईंच्या डोळ्याला डोळा देणं मला जड गेलं.

लखनराव मांडवामागं होते. कढईतलं तेल तापलेलं, एका हातात झारा, दुसऱ्या हातानं बुंदी पाडत होते. केस पांढरे झाले होते. पोरं चार पावलांवर जाऊन उभी राहिली. बारा वर्षांनी बापानं पोरांशी काढलेले पहिले शब्द मी स्वतः ऐकले.

“मागं सरका, तेल हाय.”

पोरं मागं सरकली.

“दोन मिन्टं. हा घाणा काढतो.” बुंदीला शेपट्या फुटत होत्या. शेवटी त्यांनी झारा खाली ठेवला, लुंगीला हात पुसले, पुन्हा पुसले. “काय खाल्लं का?”

“नाही,” सुमेध म्हणाला.

“बुंदी बिघडली आज,” असं म्हणून ते खालीच बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. करुणा जवळ येऊन म्हणाली, “पप्पा, कढई जळतीय,” आणि तिनंच गॅस बारीक केला.

मग आजीनं पत्र्याची पेटी उघडली. लखनरावांचा शाळेचा दाखला, त्यांच्या वडिलांचाही, दोन्ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. प्रज्ञानं वंशावळीचा कागद मांडीवर घेतला आणि आजी सांगत गेली. चुलते, चुलत चुलते, लहानपणी गेलेला एक भाऊ. “ह्येचंबी लिव्ह. त्यो कागदावर कुटंच न्हाई.” वीस मिनिटांत पोरांना अकरा नवे नातेवाईक मिळाले. त्यातले सात जण बाहेर मांडवात खुर्च्या लावत होते.

आणि मग प्रज्ञानं तो प्रश्न विचारलाच. पेन खाली ठेवून. “पप्पा, तुम्ही इतकी वर्षं आला का नाहीत? एकदा तरी?”

लखनरावांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

“माजंच चुकलं, बाळा. कामं, सीझन. राहून गेलं.”

मी सुटलो होतो. त्यांनी माझा कागद स्वतःच्या नावावर घेतला होता, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. त्यात तर माझा हात कोणी धरला नसता. पण प्रज्ञाच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिनं ते उत्तर मान्य केलं. राहून गेलं. आपल्या बापाचं आपल्याकडे यायचं राहून गेलं, हे ती आता जन्मभर बरोबर घेऊन हिंडणार होती.

“ते खोटं बोलताहेत,” मी म्हणालो.

आणि सांगितलं. देवळालीची रसवंती, दोघांना सांगितलेली दोन वाक्यं. ऑफिसात मला आचारी मेहुण्याची लाज वाटायची, तेही. मला वाटलं होतं हे सांगायला तासभर लागेल. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“आणि त्या दिवशी त्यांनी तुमच्यासाठी लाडू दिले होते,” मी म्हणालो. “बुंदीचे. घरी नेले असते तर त्यांनी तुमची आठवण काढल्याचं कळलं असतं. म्हणून मी नगरच्या स्टँडवर बसून खाल्ले.”

“किती होते?” सुमेधनं विचारलं.

“अकरा.”

“अकराच्या अकरा?”

“दहाव्याला त्रास झाला. पण टाकवेनात.”

सुमेध आ वासून बघत राहिला. बाकीचं सगळं पचवायला त्याला पुढं दिवस लागले असतील, पण लाडू त्याला तिथल्या तिथं कळले. आजी ओरडून विचारत होती, “काय म्हनतोय ह्यो?” लखनराव तिच्या कानाशी गेले. “काय न्हाई. भूक लागली म्हनतोय.”

“मग वाढा की त्याला.”

प्रज्ञा मला लहानपणापासून ‘अरे मामा’ म्हणते. ती उठली आणि म्हणाली, “आईला माहितीये का हे?”

“नाही.”

“मग आधी तिला सांगा. आत्ता. तुम्ही.”

‘तुम्ही’ हा शब्द मी रोज शंभर वेळा ऐकतो. असा कधी ऐकला नव्हता.

करवंदवाडीत फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या एका खडकावर येते. तिथं आधीच तिघं उभे होते. एक जण दुधाचे भाव विचारत होता, दुसरा बायकोची समजूत काढत होता. नंबर लागेपर्यंत मी थांबलो. प्रज्ञा दहा पावलांवर हाताची घडी घालून उभी होती. सुनंदानं फोन उचलला आणि मी सगळं परत सांगितलं. ह्या वेळी जास्त वेळ लागला, कारण मी प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा सुरू करत होतो. पलीकडून काहीच ऐकू येईना. रेंज गेली असं वाटून मी हॅलो हॅलो करायला लागलो. शेजारचा दूधवाला म्हणाला, “उजव्या पायावर उबं ऱ्हावा, मग येती.” मी उजव्या पायावर उभा राहिलो.

“ऐकतेय मी,” सुनंदा म्हणाली. “ओरडू नकोस.”

“सुनंदा, मी…”

“त्यांनी पोरांबद्दल विचारलं होतं का तेव्हा?”

“दुसरं काही बोललेच नाहीत.”

माझ्या पोटरीला गोळा आला.

“ह्या रविवारी जेवायला येऊ नकोस,” ती म्हणाली. “पुढच्याचं मी कळवेन.” आणि फोन ठेवला.

खाली लग्न लागून गेलं होतं. अंगणात पंगत बसायला लागली होती, सतरंज्यांच्या लांबच लांब पट्ट्या आणि पत्रावळी. शहरात आपण बशी घेऊन रांगेत उभे राहतो. इथं पाहुण्यानं मांडी घालून बसायचं आणि घरच्यांनी वाढायचं, अशी सरळ विभागणी. सुमेधच्या हातात आमटीची बादली आली होती, करुणा त्याला ओळ दाखवत होती. “दादा, सांडू नको. त्या आजोबांना दोनदा वाढ, ते ऐकत नाहीत.” प्रज्ञानं ओढणी कमरेला खोचली आणि भाताची पाटी उचलली.

मी कुठं बसावं ते मला कळेना. पाहुण्यांच्या ओळीत बसायचं तोंड नव्हतं आणि गाडीत जाऊन बसलो असतो तर तेही पळणंच झालं असतं. मी मांडवाच्या बांबूशी उभा राहिलो. लखनरावांनी मला शेगडीपाशी बोलावलं. काही तरी बोलतील असं वाटलं, मी मान खाली घालून ऐकायला तयार होतो. त्यांनी माझ्या हातात मिठाचं ताट दिलं.

“मीठ पयलं जातं,” ते म्हणाले. “चिमूट चिमूट. पानाच्या डाव्या अंगाला. जास्त टाकू नका.”

मीठ वाढायचं काम इकडे सगळ्यांत नवख्याला देतात. मी बावन्न वर्षांचा आहे. ताट घेऊन वाकलो, पहिल्या पानावर चिमूट टाकली, दुसऱ्यावर टाकली. तिसऱ्या पानावरच्या म्हातारबांनी हटकलं, “पावनं, डावीकडं.” मी ती चिमूट उचलून डावीकडे ठेवली. कंबर लगेच भरून आली. पुढं ओळ विहाराच्या ओट्यापर्यंत गेली होती आणि सगळे पानावर हात धरून बसले होते. मी एका जागी जरा रेंगाळलो.

मागून पाटीचा काठ माझ्या पाठीला टेकला. प्रज्ञा होती.

“पुढे चला,” ती म्हणाली. “मागून भात येतोय.”